खोटा शिक्का : गोल्फच्या पटरची दोनशे वर्षं

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात ह्यू फिल्प नावाचा एक सुतार होता. १८१९ मध्ये तिथल्या गोल्फ मंडळानं त्याला आपला अधिकृत कारागीर नेमलं आणि १८५६ मध्ये मरेपर्यंत तो गोल्फच्या काठ्या घडवत राहिला. त्याच्या पटरची मान बारीक, डोकं लांबट आणि सडपातळ, लाकूड सफरचंदाचं, नासपतीचं किंवा काटेरी झाडाचं. डोक्यावर त्याच्या नावाचा छोटा शिक्का. फिल्प गेल्यावर दुकान रॉबर्ट फोर्गनकडे आलं. पुढच्या पिढीतले खेळाडू जुन्या फिल्पच्या काठीसाठी जीव टाकू लागले आणि त्याला गोल्फमधला स्ट्रॅडिव्हेरियस म्हणू लागले. कौतुकापाठोपाठ खोटे शिक्केही आले. काठी कुणाचीही असो, वर नाव फिल्पचं असलं की तिचं मोल बदलत असे. आजही असा जुना पटर समोर आला की जाणकार संग्राहक आधी अक्षरं पाहतो, मग लाकूड.

पटर म्हणजे गोल्फमधली शेवटच्या फटक्यांची काठी. चेंडू ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर आला की तो जमिनीलगत सरपटत खड्ड्यात घालायचा, तो या काठीनं. अठरा खड्ड्यांच्या, बहात्तर फटक्यांच्या मैदानात प्रत्येक ग्रीनवर दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणजे छत्तीस. निम्मा खेळ या एका काठीवर चालतो. बॅगेतल्या इतर काठ्या खेळाडू दर दोन-चार वर्षांनी बदलतो, पण हाताला बसलेला पटर तो वर्षानुवर्षं सोडत नाही. त्यामुळे पटरला आठवणी चिकटतात, आठवणींमुळे किंमत चढते, आणि किंमत चढली की बनावट माल करणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं.

या दोनशे वर्षांत पटरचे आकार अनेकांनी उघडपणे उचलले आणि बऱ्याचदा कायद्यानंही त्याला मोकळीक दिली. चोरी होत आली ती नावाची. जुना पटर विकत घेणाऱ्यानं हा फरक नीट ओळखला पाहिजे, कारण नुसत्या आकाराकडे बघून घेतलेला निर्णय जवळजवळ नेहमी फसतो.

आकार उचलण्याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावात जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे आर्थर नाइट यांनी अ‍ॅल्युमिनियमचं, मध्यावर दांडा बसवलेलं डोकं तयार केलं. त्याचं पेटंट २४ मार्च १९०३ चं. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकन खेळाडूनं सँडविचच्या मैदानावर तोच पटर वापरून ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. परदेशातून आलेल्या माणसानं ही स्पर्धा जिंकणं इंग्रजांच्या फार जिव्हारी लागलं. १९१० मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं मध्यावर दांडा असलेले मोठ्या डोक्याचे पटर बाद ठरवले, आणि ही बंदी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. अमेरिकेत मात्र त्या आकाराचे पटर अनेक कारखान्यांतून बाहेर पडत राहिले. मूळ पटरवर पेटंटची तारीख उमटवलेली असते. आज तो ओळखायला तिचीच मदत होते.

दुसरं उदाहरण अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सच्या पटरचं. १९२३ मध्ये लाँग आयलंडवरच्या नासाऊ क्लबमध्ये जिम मेडन यांनी जोन्सला एक जुना पटर दिला. त्याचं डोकं सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट काँडी या लोहारानं घडवलेलं होतं. ‘कॅलॅमिटी जेन’ नावाचा तो पटर घेऊन जोन्सनं त्याच वर्षी आपलं पहिलं यूएस ओपन जिंकलं. घासून घासून त्याचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, खराब झाला, तेव्हा १९२६ मध्ये त्याच धर्तीवर दुसरा करून घेतला, आणि १९३० मधली चारही मोठी विजेतेपदं त्या दुसऱ्या पटरची. जोन्स निवृत्त झाल्यावर स्पाल्डिंग कंपनीनं त्याच्या नावाचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, बाजारात आणले, त्यांत ‘कॅलॅमिटी जेन’ नावाचे पटरही होते. मूळ पटरचा हिकरी लाकडाचा दांडा तडकला होता म्हणून त्याला दोऱ्याचे वेढे दिलेले होते. कंपनीनं प्रतिकृतींवर तेही वेढे दाखवले.

प्रतिकृती विकण्यात गैर काही नव्हतं. घोटाळा होतो तो पन्नास-साठ वर्षांनी. आजोबांच्या पेटाऱ्यात तो पटर सापडतो, घरात ‘हा जोन्सचा’ एवढीच आठवण उरलेली असते, आणि विकणारा ती आठवण किमतीत धरतो. विकणाऱ्याच्या मनात खोट नसते, तरी घेणारा फसतो. त्या काळातले स्कॉटिश लोहार डोक्याच्या पाठीवर आपली खूण ठोकत. काँडीचं गुलाबाचं फूल, टॉम स्टुअर्टचा तंबाखूचा पाइप. जुन्या लोखंडी क्लबांचा अभ्यास करणारे लोक या खुणांची अख्खी सूची डोक्यात बाळगून असतात. कोणत्या खुणेत पाकळी किती, पाइपाची दांडी कुठे वळते, हे त्यांना पाठ असतं, आणि तेवढं माहीत असल्याशिवाय या बाजारात पैसे घालू नयेत.

आधुनिक पटरची गोष्ट एका नॉर्वेजियन माणसापासून सुरू होते. कार्स्टन सोलहाइम यांचा जन्म १९११ मध्ये बर्गनला झाला. लहानपणीच कुटुंब सिअ‍ॅटलला आलं. वडिलांचा चपला-बुटांचा धंदा, मुलगा पुढे विमान आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत इंजिनिअर झाला. गोल्फ हातात घेतला तो चाळिशी उलटल्यावर, आणि पटिंग काही जमेना. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीच्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःचा पटर केला. वजन डोक्याच्या दोन्ही टोकांना नेऊन ठेवलं, म्हणजे चेंडू मधोमध लागला नाही तरी डोकं वळणार नाही. चेंडू लागला की ‘पिंग’ असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. १९६६ च्या जानेवारीत त्यांनी ७८ आरपीएम तबकडीच्या वेष्टनावर नव्या पटरचं चित्र काढलं. पत्नी लुईस यांनी त्याला ‘आन्सर’ हे नाव सुचवलं. इंग्रजी शब्दातलं एक अक्षर गाळलं, कारण पूर्ण शब्द डोक्यावर मावत नव्हता. १९६७ मध्ये आकाराचं पेटंट मिळालं, आणि १९६९ मध्ये जॉर्ज आर्चरनं त्याच पटरवर मास्टर्स स्पर्धा जिंकली.

आकाराच्या पेटंटला मुदत असते. ती संपली आणि आन्सरचं डोकं सगळ्यांचं झालं. आज जगातल्या कुठल्याही दुकानात उभं राहिलं, तर पुष्कळ पटरच्या अंगात सोलहाइम यांच्या त्या चित्राचा वंश दिसेल. नामवंत कारागिरांनीही तो आकार घेतला, आणि त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. ‘पिंग’ हे नाव मात्र मुदतीनं संपत नाही. नोंदवलेलं व्यापारचिन्ह नूतनीकरण करत गेलं तर पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

जुन्या आन्सरमध्येही पारख अक्षरांचीच. कंपनी फिनिक्सला येण्याआधीच्या पटरांवर स्कॉट्सडेल गावाचा पत्ता कोरलेला असे, पुढच्यांवर फिनिक्स आणि त्याचा पिनकोड. पिनकोडचे आकडेही बदलत गेले, ८५०२९ आणि ८५०६८ अशा दोन्ही खुणा संग्राहक जपतात. स्कॉट्सडेलच्या पत्त्याचा मँगनीज ब्राँझचा पटर साध्या फिनिक्सवाल्यापेक्षा कितीतरी महाग जातो. पत्ता जास्तीचा कोरला की भाव वाढतो, हे लबाड माणसाला समजायला वेळ लागत नाही. म्हणून अशा पटरमध्ये कोरलेल्या अक्षरांच्या तळाशी भिंग धरून पाहावं लागतं. पन्नास वर्षं हाताळलेल्या ब्राँझच्या खोबणीत काळसरपणा मुरलेला असतो, नव्यानं कोरलेल्या खोबणीत धातू कोवळा आणि चकचकीत दिसतो.

डोकी नकली करणं सोपं कशामुळे झालं, ते समजण्यासाठी ओतकामात डोकावावं लागेल. गोल्फच्या लोखंडी क्लबांची डोकी मेणाच्या साच्यानं ओतण्याची पद्धत रुळली. मेणाचं डोकं करायचं, त्यावर चिनी मातीसारख्या लगद्याचे थर चढवायचे, तापवून मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती ओततात, तीच ही रीत. खऱ्या कारखान्याकडे मूळ साचा असतो, बनावट करणाऱ्याकडे बाजारातून विकत घेतलेलं एक खरं डोकं. तो त्यावरून रबराचा साचा काढतो, त्यातून मेण आणि मेणातून धातू. इथे निसर्ग त्याला पकडून देतो. मेण थंड होताना आकसतं, धातू थंड होताना पुन्हा आकसतो. खऱ्या कारखान्यानं ही घट साच्यातच भरून काढलेली असते. नक्कल करणाऱ्यानं तयार मालावरून साचा काढल्यामुळे त्याचं डोकं मूळ डोक्यापेक्षा किंचित लहान निघतं. कडा गोलावतात, कोरीव अक्षरांचे कोपरे बोथट होतात. नुसत्या डोळ्यांनी हे दिसत नाही, व्हर्नियर कॅलिपर लावला की दिसतं.

१९८० च्या दशकापासून डोकी ओतण्याचं काम अमेरिकेतून आधी तैवानला आणि मग चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गेलं. तिथल्या अधिकृत कारखान्यांमुळे आजचे उत्तम क्लब परवडतात, हे मान्यच केलं पाहिजे. त्याच भागात ओतकाम, घासकाम, मुलामा, छपाई जाणणारे हजारो हात तयार झाले, आणि त्यातले काही हात चोरवाटेनं गेले. पुढे घरबसल्या लिलावाचा जमाना आला. आधी जुना क्लब घेणारा तो हातात घेऊन, चार चेंडू मारून पैसे देत असे. आता तो चार फोटो बघून पैसे देतो.

याच काळात स्कॉटी कॅमेरॉन हे नाव वर आलं. जन्म १९६२, गाव कॅलिफोर्नियातलं ग्लेनडेल. वडिलांबरोबर गॅरेजमध्ये पटर करत करत ते या धंद्यात आले. १९९३ मध्ये बर्नहार्ड लँगरनं त्यांचा पटर घेऊन मास्टर्स जिंकली आणि पुढच्या वर्षी कॅमेरॉन टायटलिस्ट कंपनीशी जोडले गेले. त्यांचं डोकं मिलिंगचं असतं. धातूचा ठोकळा यंत्रावर चढवायचा आणि कातरत कातरत आकार बाहेर काढायचा. १९९९ मध्ये टायगर वुड्सनं जर्मन स्टेनलेस स्टीलचा ‘न्यूपोर्ट २’ हातात घेतला आणि आपल्या पंधरा मेजर विजेतेपदांपैकी चौदा त्याच पटरवर मिळवली. वुड्ससाठी राखीव म्हणून घडवलेला तसलाच एक पटर २०२१ च्या लिलावात ३,९३,३०० डॉलरला गेला.

दुकानात मिळणारा नवा कॅमेरॉन पटर चारशे डॉलरच्या वर जातो. त्यापलीकडे एक वेगळी जात आहे. व्यावसायिक खेळाडूंसाठी घडवलेल्या पटरवर वर्तुळातला ‘टी’ उमटवतात. संग्राहक त्याला ‘सर्कल टी’ म्हणतात आणि त्यासाठी हजारो डॉलर मोजतात. एका इवल्याशा ठशानं किंमत अनेक पटींनी वाढते. फिल्पच्या काळात लाकडावर जे घडलं, ते इथे पोलादावर घडतं.

या बाजारातली फसवणूक तीन तऱ्हांची आहे. पहिली सरळ: डोकं, दांडा, ग्रिप, हेडकव्हर सगळं नकली. ती पकडणं तुलनेनं सोपं. खऱ्या मिलिंगच्या फेसवर कातराच्या खुणा असतात, त्या सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीच्या. प्रकाश तिरपा धरून डोकं हळूहळू फिरवलं की त्या एकामागून एक उजळत जातात. ओतलेल्या नकलीवर तशाच रेघा साच्यातून आलेल्या असतात, म्हणून त्यांच्या कडा मऊ आणि प्रकाश विस्कटलेला. खोबणीत भरलेला लाल रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो. अलीकडच्या मॉडेलांच्या तळाला दोन वजनं स्क्रूनं बसवलेली असतात. नकली पटरमध्ये ती बहुतेकदा शोभेपुरती असतात, खास किल्लीनं उघडायला गेलं तर उघडतच नाहीत. ग्रिपला उग्र रबराचा वास येतो.

लोहचुंबकाचा उपाय अनेक जण सुचवतात, आणि तो कामाचाही आहे, पण अर्धवट माहितीनं वापरला तर दिशाभूल करतो. अनेक मिलिंग पटर ३०३ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात. त्या स्टीलला चुंबक जवळजवळ धरत नाही, त्यामुळे तिथे तो खटकन चिकटला तर संशय घ्यावा. मात्र कार्बन स्टीलचे पटरही असतात आणि त्यांना तो चिकटणारच. म्हणजे हातातलं मॉडेल मुळात कोणत्या धातूचं, हे आधी माहीत हवं. तेच वजनाचं. अशा पटरचं डोकं साधारण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि मूळ मॉडेलपेक्षा फार हलकं किंवा जड निघालं तर प्रश्न विचारायला हवेत.

दुसरी तऱ्हा फार कठीण. डोकं अस्सल असतं, दुकानातून घेतलेलं. कुणीतरी त्यावरची मूळ अक्षरं घासून काढतो, ‘सर्कल टी’ कोरतो आणि वरून काळा लेप चढवतो. इथे धातू खरा, मिलिंग खरं, वजनही जवळपास खरं. खोटा असतो तो एक ठसा. अक्षरं घासली तिथे पृष्ठभाग किंचित खोलगट होतो. पट्टीची सरळ कड त्यावर टेकवून मागून दिवा धरला तर फटीतून उजेड दिसतो. मिलिंगच्या रेघा त्या जागेपुरत्या तुटलेल्या असतात. असा पटर विकणारा बहुधा ‘ओळखीच्या खेळाडूकडून मिळाला’ असं सांगतो, आणि त्या खेळाडूचं नाव विचारलं की विषय बदलतो.

तिसरी तऱ्हा कागदाची. पटर खरा असल्याचं प्रमाणपत्र कॅमेरॉन यांचा स्टुडिओ देतो, म्हणून प्रमाणपत्रच छापून घेणारे निघाले. कधी खरं प्रमाणपत्र दुसऱ्याच पटरबरोबर फिरतं. सिरियल नंबरवर विसंबणाऱ्यांचं तेच होतं. बनावट माल करणारा एकच खरा नंबर घेतो आणि शेकडो डोक्यांवर तोच उमटवतो. त्यामुळे नंबर कंपनीच्या नोंदीत सापडला म्हणजे पटर खरा, असं समजू नये. कागद आणि पटर दोन्ही एकत्र, मूळ कार्यशाळेकडूनच तपासून घ्यावेत.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या गोल्फ कंपन्या आपसातली स्पर्धा बाजूला ठेवून बनावट मालाविरुद्ध एकत्र आल्या. टायटलिस्टची मालक अकुशनेट, कॅलावे, टेलरमेड, पिंग अशांचा हा गट चिनी पोलिसांबरोबर काम करतो. २०२० मध्ये शांघायच्या सोंगजियांग भागात पोलिसांनी छापे घातले तेव्हा १,२०,००० हून जास्त बनावट गोल्फच्या वस्तू सापडल्या. तरी हा धंदा थांबलेला नाही. एक वाट बंद झाली की माल सुटा होतो. डोकी एका पाकिटातून, ग्रिप दुसऱ्यातून, लेबलं तिसऱ्यातून येतात आणि जोडणी गिऱ्हाइकाच्या देशात होते.

भारतात गोल्फ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाले. खोट्या खुणेविरुद्धचा कायदाही इंग्रजांच्याच काळातला. इंग्लंडमध्ये १८८७ मध्ये मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट झाला आणि दोन वर्षांत, १८८९ मध्ये, तो हिंदुस्थानात आला. आज लागू आहे तो १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा. त्याच्या १०३ आणि १०४ कलमांनुसार खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. माल खोटा आहे हे माहीत नव्हतं आणि पुरेशी काळजी घेतली होती, हे विकणाऱ्याला दाखवून द्यावं लागतं.

मुंबई-पुण्यातल्या खेळाडूंकडे असे पटर पुष्कळदा परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. तिकडे ‘चांगला भाव’ दिसला म्हणून भाच्यानं किंवा मेहुण्यानं प्रेमानं घेतलेला असतो. त्या प्रेमाची भीड पडून पटर तपासला जात नाही, आणि कधी दोन वर्षांनी तोच पटर क्लबमधल्या दुसऱ्या सभासदाला विकला जातो. दर विक्रीत त्याला एक नवा प्रामाणिक चेहरा मिळतो आणि खोटेपणा शोधणं आणखी अवघड होतं.

म्हणून विकत घेण्याआधी विकणाऱ्याकडून मूळ पावती मागा, तळाचे, फेसचे आणि मानेचे जवळून काढलेले फोटो मागा, आणि रक्कम मोठी असेल तर कार्यशाळेकडून तपासून येईपर्यंत पैसे हातचे सोडू नका. एवढं करूनही घरातला पटर नकली निघाला, तर तो पुन्हा विकायला काढू नका. त्याच्यावर स्वच्छ अक्षरांत ‘नकली’ असं कोरून घ्या आणि सरावाला वापरा, नाहीतर डोकं कापून भंगारात द्या.